नऊ वर्षांनी परत: माझं जहाज कुठे असेल?

फेरीबोट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पोरकट आहे, पण इथे दोन-चार जण तरी यातले जुने खेळाडू आहेत म्हणून विचारतो.

२०११ ते २०१६ मी ईव्ह ऑनलाइन खेळायचो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आइसलँडच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेला अंतराळातला खेळ. चीनचा सर्व्हर सोडला तर जगभरचे सगळे एकाच विश्वात. सात हजारांवर सूर्यमाला, आणि तिथला व्यापार, खाणकाम, चाचेगिरी, युद्धं, दगाफटका, सगळं माणसंच करतात. जहाज फुटलं की फुटलं, परत मिळत नाही. आणि कौशल्यं खऱ्या वेळात शिकून होतात, म्हणजे तुम्ही झोपलात, ऑफिसला गेलात तरी शिकणं चालू.

२०१६ च्या चवथीच्या आधी आमच्याकडे मुलगी झाली. कॉर्पच्या, म्हणजे खेळातल्या आमच्या गटाच्या, चॅटमध्ये 'दोन दिवसांनी येतो' असं लिहून बाहेर पडलो ते पडलोच. आता मुलगी स्वतःच टॅबलेट घेऊन बसते. गेल्या आठवड्यात पावसाने बेतीला रात्रभर लाइट नव्हती. झोप येईना, जुनी हार्डडिस्क लॅपटॉपला लावली, तर त्यात माझ्या ड्रेक जातीच्या जहाजाचे स्क्रीनशॉट. तेव्हापासून डोक्यात तेच.

खातं अजून असेल का? जहाज दूर नल-सेकमध्ये (जिथे पोलीस नाहीत असा भाग), आमच्या अलायन्सच्या, म्हणजे अनेक कॉर्पच्या युतीच्या, आउटपोस्टमध्ये (खेळाडूंनी बांधलेलं स्टेशन) उभं करून ठेवलं होतं. ते असेल का? आणि रात्री जेमतेम एक तास हातात असलेल्या चाळिशीच्या माणसाने परत या भानगडीत पडावं का?

घुमट

'दोन दिवसांनी येतो' म्हणून नऊ वर्षं? आमच्या घराचं काम घेतलेला गवंडी तूच काय रे?

सुशेगाद

जहाज कुठे असेल म्हटल्यावर वाटलं मांडवीतल्या कॅसिनोबद्दल धागा आहे. तिथे गेलेलं पण परत मिळत नाही. हलकं घ्या.

तिसऱ्यो

अरे वा, गोव्यात मी एकटीच नव्हते तर! मडगावहून २०१३ पासून खेळते. मध्ये दोनदा सोडलं, दोनदा परत आले. माझा धंदा मालवाहतुकीचा. दुसऱ्यांच्या वस्तू इकडून तिकडे पोचवायच्या आणि वाटेत मरायचं नाही, एवढंच.

खातं नक्की असणार. नोव्हेंबर २०१६ पासून खेळ फुकटही खेळता येतो, त्याला अल्फा म्हणतात. पैसे भरणारे ते ओमेगा. तू अल्फा म्हणून आत शिरशील. शिकलेली कौशल्यं कुठे जात नाहीत, पण त्यातली बरीचशी कुलूप लावल्यासारखी दिसतील. ड्रेक मात्र अल्फालाही उडवता येतं. वर्गणी मे २०२२ मध्ये १५ डॉलरवरून २० वर गेली, तेव्हा आल्या आल्या कार्ड काढू नकोस. महिनाभर फुकटात फिर, मग ठरव.

आता जहाज. तुझं आउटपोस्ट अस्तित्वात नाही. जून २०१८ मध्ये सगळी जुनी आउटपोस्टं काढून त्यांच्या जागी फोर्टिझार जातीची नवी स्टेशनं बसवली, आणि ही स्टेशनं फोडता येतात. फुटलं तर आतलं सामान 'अ‍ॅसेट सेफ्टी'त जातं. वीस दिवसांत तू काही केलं नाहीस की ते आपोआप जवळच्या लो-सेक (कमी सुरक्षित भागातल्या) स्टेशनात जाऊन पडतं. सोडवून घ्यायला किमतीच्या १५ टक्के मोजायचे. याला एक वाईट अपवाद आहे. मे २०२० पासून ज्या स्टेशनाचं इंधन संपून आठवडा उलटला ते 'बेवारस' ठरतं. बेवारस स्टेशन फुटलं तर सेफ्टी नाही, माल जो उचलेल त्याचा.

म्हणजे तुझं ड्रेक एकतर कुठल्यातरी लो-सेकच्या बंदरात धूळ खात असेल, नाहीतर ते विकून कुणीतरी केव्हाच जेवला असेल. आत गेल्याशिवाय कळणार नाही.

रच्याकने, तुझ्याकडे जुना प्लेक्स (वर्गणीच्या बदल्यात चालणारी खेळातली वस्तू) उरला होता का? आठवून बघ.

फेरीबोट

@तिसऱ्यो, देव बरें करूं! एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. प्लेक्स बहुतेक एक होता, जिताला, खेळातल्या मोठ्या बाजारपेठेत. का?

तिसऱ्यो

आधी बघ, मग सांगते.

अंत्रुजकार

मी उलट बाजूने बोलतो. जाऊ नकोस.

मी फोंड्यात शाळेत शिकवतो. २०२१ मध्ये, शाळा बंद होत्या तेव्हा, पाच वर्षांनी परत गेलो होतो. तीन आठवड्यांत सोडलं. खेळ वाईट झाला म्हणून नव्हे, उलट दिसायला कितीतरी सुंदर झालाय. पण मित्रांची यादी उघडली तर त्रेचाळीस नावं आणि एकही हिरवं, म्हणजे ऑनलाइन, नाही. आम्ही रात्री बारा ते दोन एका गेटवर (एका सूर्यमालेतून दुसरीत उडी मारायचं दार) नुसते बसून असायचो. शत्रू यायचा नाही, तरी बसायचो. एक पोलंडचा ट्रकवाला, एक कॅनडातला नर्स, एक मनिलाचा पोरगा. गप्पा चालायच्या. त्या गेटवर परत जाऊन बसलो तर दहा मिनिटांत अनोळखी टोळीने मला फोडलं. रागसुद्धा आला नाही.

पैशाचा आणि वेळेचा हिशोब सोडा. तुला जे परत हवंय ते त्या सर्व्हरवर नाही, एवढं लक्षात ठेवून जा.

घुमट

मास्तर, तुम्ही रात्री दोनपर्यंत गेटवर बसायचात आणि सकाळी पोरांना वर्गात झोपू नका म्हणून सांगायचात?

अंत्रुजकार

@घुमट, पहिला तास मी नेहमी वाचनाचा ठेवायचो.

रातांबा

+१ अंत्रुजकार. माझा अनुभव वेगळ्या खेळाचा, पण तोच.

२००६ च्या सुमारास म्हापशाला बसस्टँडजवळ सायबर कॅफेत आम्ही चौघे ओगेम खेळायचो. जर्मन खेळ, ब्राउझरमध्येच चालायचा, चित्रं जवळपास नाहीतच. धातू, स्फटिक, ड्युटेरियम एवढंच. त्यात एक भयंकर गोष्ट होती. तुम्ही झोपलात की दुसरा येऊन तुमचा ताफा तुमच्याच ग्रहावर कापून जायचा. म्हणून झोपायच्या आधी ताफा कुठेतरी लांब पाठवून द्यायचा, सकाळी उठायच्या वेळी परत पोचेल असा. फ्लीटसेव्ह म्हणायचे त्याला. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, कॅफे नऊला बंद. म्हणून मी कोलवाळच्या मावसभावाला लँडलाइनवर फोन करून सांगायचो, 'पहाटे पाचला ताफा येतो, उठून दुसरीकडे पाठव.' त्याच्या आईला वाटायचं आम्ही मच्छीमारीत उतरलो.

मध्यंतरी आठवण आली म्हणून परत खातं काढलं. आता हातात मोबाइल, चोवीस तास इंटरनेट. चार दिवसांत कंटाळा. पहाटे पाचला उठवायला कोणी लागतच नाही.

तिसऱ्यो

'आम्ही मच्छीमारीत उतरलो' 😂 ऑफिसात मोठ्याने हसले, शेजारच्याने वाकून स्क्रीन बघितला.

कोथरूडी

बाहेरचा माणूस, भोचक प्रश्न. ईव्ह म्हणजे तोच ना, ज्याला लोक 'अंतराळातलं एक्सेल' म्हणतात?

तिसऱ्यो

हो, आणि ते टोमणा म्हणून म्हणायचे. मग २०२२ मध्ये सीसीपीने मायक्रोसॉफ्टबरोबर खरोखरचं एक्सेल अ‍ॅड-इन जाहीर केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

सुशेगाद

म्हणजे दिवसा पगार घेऊन एक्सेल, रात्री पैसे देऊन एक्सेल. भले!

बार्जवाला

उशिरा आलो, गाव डिचोली तालुक्यात, नेटवर्क डोंगर चढून येतं.

मास्तरांचं पटतं आणि नाहीही. माझी गोष्ट सांगतो. आमच्या घरचे दोन टिपर. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ते अंगणात उभे राहिले. बाबा रोज सकाळी इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवायचे आणि बंद करायचे. मी तेव्हा कॉलेजात. दाद्याच्या एका मित्राने ईव्हचं वेड लावलं. आत गेल्यावर पहिलं काम कोणतं दिलं असेल? खाणकाम! लघुग्रह फोडा, खनिज भरा, स्टेशनात आणून टाका. आणि पुढे मोठं जहाज घ्यायचं तर त्या जातीचं नावच 'मायनिंग बार्ज'. मांडवीतून खनिज भरून मुरगावकडे जाणारी बार्ज लहानपणापासून बघितलेली, त्यामुळे हा शब्द मला कोणी शिकवावा लागला नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, 'हांगा लीज कोण दिता?' म्हटलं, कोणी देत नाही, ज्याने आधी गाठलं त्याचं. म्हणाले, 'मग बंद पडटलेंच.'

२०१८ मध्ये न्यायालयाने सगळ्या ८८ लीज रद्द केल्या तेव्हा एक टिपर विकला. तोपर्यंत मीही खेळ सोडला होता, नोकरी लागली. तीन वर्षांनी परत गेलो तर सीसीपीने खनिजांची वाटणीच बदलली होती. पूर्वी एका जागी सगळं मिळायचं, आता अमुक खनिज इथेच, तमुक तिथेच. भलतीकडे बार्ज घेऊन हिंडत होतो. पण सांगायचा मुद्दा हा की मला कोणी मित्र परत भेटायची अपेक्षाच नव्हती. कानात भजनं लावायची, लेझर चालू करायचा, तासभर दगड फोडायचा. अजून करतो. फेरीबोट, तुझ्याकडे एक तास आहे ना? दगडाला एक तास पुष्कळ झाला.

नुस्तेंकार

@बार्जवाला, बाबांचं वाक्य लय भारी.

मोपा_टर्मिनल

ईव्ह कशाला? एलिट डेंजरस घे. आपली आकाशगंगा खऱ्या मापात, ४०० अब्ज ताऱ्यांची. कोणाशी बोलायचं नाही, भांडायचं नाही, निघायचं आणि जायचं. मी दीड वर्षाने परत गेलो, जहाज सोडलं होतं तिथेच, कुठल्याशा निळ्या ताऱ्यापाशी. इंधन संपत आलं होतं. त्या खेळात फ्युएल रॅट्स म्हणून खेळाडूंचीच एक टोळी आहे. तुम्ही हाक मारायची, ते हजारो प्रकाशवर्षं तुडवत येऊन इंधन देऊन जातात. पैसे घेत नाहीत. सुकूरच्या चढावर रात्री स्कूटरचं पेट्रोल संपलं तेव्हा अर्धा तास कोणी थांबलं नव्हतं, त्या तुलनेत सांगतो.

किंवा नो मॅन्स स्काय. २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, तेव्हापासून फुकटात सुधारतायत.

अंत्रुजकार

एलिटचा मुद्दा बरोबर. आणि अवांतर: ईव्हमध्ये एक चांगली गोष्ट होती, प्रोजेक्ट डिस्कव्हरी. खेळता खेळता खऱ्या शास्त्रज्ञांचं काम करायचं. २०१७ मध्ये त्यात ताऱ्यांच्या प्रकाशाचे खरे आलेख यायचे, त्यातली घट ओळखून परग्रह शोधायचे. त्या कामाशी जिनिव्हाचे मिशेल मेयर जोडलेले होते, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. दहावीच्या पोरांना मी त्या आलेखांवर एक अख्खा तास दिला होता. फळ्यावर आलेख काढला, ग्रह कुठे ते सांगा म्हटलं. मागच्या बाकावरच्याने बरोबर सांगितलं.

घुमट

वाचनाच्या तासाला का?

फेरीबोट

मंडळी, गेलो आत.

आधी लॅपटॉपनेच नकार दिला. ३२-बिटवाला खेळ त्यांनी २०२० मध्येच बंद केलाय. मग भाच्याचा लॅपटॉप चवथीच्या खरेदीला गाडी देण्याच्या बोलीवर घेतला. पासवर्ड आठवेना. ज्या ईमेलवर खातं होतं त्या ईमेलचाही आठवेना. दोन रात्री त्यात गेल्या.

शेवटी उघडलं तर मी जिताच्या स्टेशनात. लोकल चॅटमध्ये हजारावर माणसं आणि 'मला पैसे पाठवा, दुप्पट करून देतो' हे अजून चालूच! नऊ वर्षांत हे एक बदललं नाही बघून कसं घरी आल्यासारखं वाटलं.

@तिसऱ्यो, प्लेक्स होता. एक ठेवला होता, ५०० झालेत. हा काय चमत्कार?

ड्रेक सापडलं. अ‍ॅसेट सेफ्टीतून एका लो-सेक स्टेशनात येऊन पडलंय. नावासकट: 'बेती-पणजी'.

आणि एक. खेळातल्या टपालपेटीत चारशेच्या वर पत्रं होती, बहुतेक अलायन्सच्या युद्धाच्या दवंड्या. त्यात एक आमच्या कॉर्पमधल्या नॉर्वेच्या माणसाचं. तारीख सप्टेंबर २०१६. एकच ओळ: 'दोन दिवस झाले.'

नुस्तेंकार

आई गं.

तिसऱ्यो

चमत्कार नाही. मे २०१७ मध्ये त्यांनी प्लेक्सचे तुकडे केले, एकाचे पाचशे. आणि पाचशेत एक महिना ओमेगा मिळतो. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या फेरीबोटने आजच्या फेरीबोटला महिनाभराचं तिकीट काढून ठेवलंय.

उत्तर पाठवलंस का त्या माणसाला?

फेरीबोट

पाठवलं. 'उशीर झाला, मुलगी झाली.' अजून काही नाही.

आता ड्रेक जिताला आणायचंय. ऑटोपायलटला जुनी वाट लावू का?

तिसऱ्यो

नको! ऑटोपायलट म्हणजे सरळ आत्महत्या. जुने रस्तेही विसर. नियार्जा आठवतं? जितावरून अमारच्या बाजाराला जायची जवळची वाट. २०२० मध्ये ट्रिग्लावियन नावाची खेळातली शत्रू जमात आली आणि २७ सूर्यमाला तोडून घेऊन गेली, त्यात नियार्जा गेलं. नऊ उड्यांचा रस्ता सुरक्षित मार्गाने पंचेचाळीस उड्यांचा झाला. आणि उएदामाला टपून बसणारे आहेतच. हाय-सेकमध्ये, म्हणजे सुरक्षित भागात, कॉन्कॉर्डचे पोलीस येतात, पण तुम्ही फुटल्यावर.

घुमट

यावरून आठवलं. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला. मी तेव्हा पर्वरीहून पणजीला कॉलेजात. पाच मिनिटांचा पूल, आणि दुसऱ्या दिवसापासून फेरीबोटीसाठी तासभर रांग. पावसात, छत्री उलटी. पण सांगू? त्या रांगेत जेवढ्या ओळखी झाल्या तेवढ्या पुलावरून कधी झाल्या नाहीत. आमची ही तिथलीच.

@फेरीबोट, तुझं नाव आवडलं होतं ते त्यामुळेच. आणि तो 'पोलीस नंतर येतात' हा भाग आइसलँडवाल्यांना कोणी सांगितला?

कोथरूडी

घुमटकाका, या किश्शाचा वेगळा धागा काढा.

अंत्रुजकार

फेरीबोट, व्यवहाराचं सांगतो. ड्रेक तिथेच विकून टाक. जिताला नवं घे, स्वस्तात पडेल. आणायचंच असेल तर पॅक करून मोठ्या मालवाहू जहाजात टाकता येतं, पण पॅक केलं की रिग (जहाजात कायमचे बसवलेले जादा भाग) तुटतात.

तिसऱ्यो

आणि नावही जातं. पॅक केलं की 'बेती-पणजी' पुसलं जाऊन नुसतं ड्रेक उरतं. म्हणून तो स्वतः उडवणार, मी सांगते.

फेरीबोट

उडवणार.

अंत्रुजकार

मग फुटणार.

बार्जवाला

फुटलं तर फुटलं. किती गेट आहेत?

फेरीबोट

लो-सेकच्या सहा उड्या, मग हाय-सेक.

तिसऱ्यो

सहा म्हणजे फार नाहीत. मी लपून जाणारं छोटं जहाज घेऊन एक उडी पुढे राहते. गेटवर कोणी दिसलं की सांगते, तू थांबायचं. बार्जवाला मागे राहील. शनिवारी रात्री दहानंतर? दुपारी नको, साडेचारला सर्व्हरचा रोजचा डाउनटाइम असतो आणि त्यानंतर सगळे ताजेतवाने होऊन येतात.

आणि शनिवारी पाऊस असेल तर इन्व्हर्टर चार्ज करून ठेव. मध्येच लाइट गेली आणि तेव्हा तू लढाईत असलास, तर तू नसताना जहाज पंधरा मिनिटं अवकाशात उभं राहतं.

सुशेगाद

मी खेळत नाही, पण शनिवारी धाग्यावर हजर. मिरचीभजी सांगून ठेवतो.

घुमट

मास्तर येणार की वाचनाचा तास आहे?

अंत्रुजकार

खातं उघडून बघितलं. पासवर्ड लक्षात आहे माझ्या. माझं जहाज त्या स्टेशनापासून चार उड्यांवर आहे.

बघतो.

फेरीबोट

शनिवारचं कळवतो. बायकोने विचारलं, शनिवारी रात्री दहाला कुठे? म्हटलं, बेतीहून पणजीला. म्हणाली, आता फेरी बंद असते.